जलतरंगमधला गोल जीव

मी बी.एस्सी. आहे हे मी विचारल्याशिवाय कुणाला सांगत नाही. मात्र कुणावर विचारायची वेळही मी सहसा येऊ देत नाही. आमच्या दारावरच्या पाटीवर ते आहे, सोसायटीच्या यादीत आहे, आणि लेकीच्या शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचे शिक्षण' या रकान्यात मी कंसात 'वनस्पतिशास्त्र' असंही लिहिलं होतं. पुढे जे रामायण घडलं त्याचं मूळ त्या कंसात आहे.

एका सोमवारी आमची संघप्रिया शाळेतून आली आणि दप्तर ठेवून गप्प बसली. ती नववीत आहे. नववीतली मुलगी गप्प बसली की बापानं मोबाइल बाजूला ठेवायचा असतो, हे विजयमालानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला शिकवलंय. मी ठेवला. तिनं विज्ञानाची प्रयोगवही माझ्यापुढे सरकवली. 'कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी' असं शीर्षक, खाली आकृती, आणि आकृतीवर लाल शाईची फुली. फुलीखाली शेरा होता: 'आकृती पुस्तकाप्रमाणे पुन्हा काढावी. पुढच्या सोमवारी पालकांची सही घेऊन दाखवावी.'

आकृतीत विटांच्या भिंतीसारख्या पेशी होत्या, पण वाकड्यातिकड्या, काही तर अर्ध्याच. आणि त्यांच्या मधोमध, काही संबंध नसताना, जाड काळ्या कडेचे दोन मोठे गोल होते.

मी गोलांवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. दिसलं ते काढलं, असं उत्तर आलं. मॅडमना विचारलंस का? तर विचारलं होतं. राजलक्ष्मी मॅडम म्हणाल्या होत्या, इकडेतिकडे बघू नकोस, पेशी बघ. यात मॅडमचा दोष नव्हता. शाळेत सूक्ष्मदर्शक एक, वर्गात मुलं बासष्ट आणि तास पस्तीस मिनिटांचा. प्रत्येकानं दहा आकडे मोजेपर्यंत डोळा लावायचा आणि पुढच्याला जागा द्यायची. म्हणून शहाणी मुलं आदल्या दिवशीच पुस्तकातून आकृती काढून आणतात आणि बघायचं काम उपचारापुरतं उरकतात. आमच्या कन्येनं पान कोरं नेलं आणि बघून आल्यावर भरलं. सगळा घोटाळा तिथं झाला.

"बाबा, ते गोल खोडू का मी? पण ते होते तिथं," ती म्हणाली.

"खोड. कांद्यात गोल नसतात."

"तुम्ही बघितलंय?"

"तीन वर्षं," मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यावं लागणार आहे.

ती खोडायला तयार होईना. म्हणजे तिनं वाद घातला नाही, फक्त खोडरबर हातात घेऊन बसून राहिली. ते गोल नक्की काय होते, एवढंच तिला हवं होतं. शेवटी मी जाहीर केलं की आठवडाभरात घरी सूक्ष्मदर्शक आणतो आणि कांद्यात गोल नसतात हे तुला तुझ्याच डोळ्यांनी दाखवतो. विजयमालानं स्वयंपाकघरातून फक्त 'बरं' म्हटलं. तिचं 'बरं' अनेक प्रकारचं असतं आणि हे त्यातलं चांगलं नव्हतं.

मी तळोज्याला एका रसायनाच्या कंपनीत डिस्पॅचला आहे. तिथल्या प्रयोगशाळेत नवं, कॅमेरेवालं यंत्र आल्यापासून जुना सूक्ष्मदर्शक कपाटात पडून होता. तिथला केमिस्ट मितेश लगेच घेऊन जा म्हणाला. अडलं ते गेटवर. गेली एकोणीस वर्षं मी लोकांना गेटपासवाचून खिळासुद्धा बाहेर नेऊ दिलेला नाही. त्या दिवशी गेटवरच्या माणसानं माझंच वाक्य मला ऐकवलं. मग मीच अर्ज केला, मीच तो तपासला, स्वतःच्या हस्ताक्षरातली एक चूक काढून स्वतःला परत पाठवला आणि दुसऱ्या खेपेस मंजूर केला. 'परत करण्याच्या बोलीवर' असा तो पास होता. त्यात 'वस्तू नेण्याचे कारण' असा रकाना असतो. मी बराच विचार करून 'पाहणे' असं लिहिलं.

टॉवेलात गुंडाळलेलं ते धूड मांडीवर घेऊन मी कंपनीच्या बसनं बेलापूरपर्यंत आलो. बसमधल्या लोकांचं शिलाई मशीनवर एकमत झालं. पुढे उलव्याच्या रिक्षावाल्यानं टॉवेलाकडे बघून हळूच विचारलं की बाप्पा आहेत का. मी नाही म्हणालो असतो तर त्यानं नेहमीच्या पद्धतीनं खड्ड्यांतून नेली असती, म्हणून मी नुसता गंभीर राहिलो. इतका सुखाचा रिक्षाप्रवास मी आयुष्यात केलेला नाही.

सूक्ष्मदर्शक दिसायला सोपा असतो. वर डोळा लावायचं भिंग, खाली वस्तूवर रोखलेली तीन भिंगं एका फिरत्या चकतीवर, मधे काचपट्टी ठेवायचा मंच, आणि तळाशी उजेड वर फेकायला आरसा. वरचं भिंग दहापट, खालचं चाळीसपट, तर गुणाकार करून चारशेपट दिसतं, हे संघप्रियानं पुस्तकातून वाचून दाखवलं. मला ते माहीतच होतं, म्हणजे तिनं वाचल्यावर लगेच आठवलं. थेट उन्हावर आरसा रोखायचा नाही, डोळा जाईल, हेही तिनंच वाचलं. म्हणून टेबलावरचा दिवा लावला.

पहिल्या संध्याकाळी मला आधी नुसता पांढरा उजेड दिसला, मग नुसता काळोख, आणि मग एक लांब, काळी, किंचित वाकलेली रेषा. मी ते कांद्याचं मूळ आहे असं सांगून तिला नोंद करायला लावली.

"बाबा, जरा डोळा मिचकवा," ती म्हणाली.

मी मिचकवला. मूळही मिचकलं. ती माझी पापणी होती. नोंद खोडली गेली.

दुसऱ्या संध्याकाळी मी डोळा वरच्या भिंगाला लावून खालचं भिंग चाकानं खाली खाली घेत गेलो, आणि कट् असा आवाज आला. काचपट्टीवर थेंब झाकायला एक पातळ चौकोनी झाकणकाच ठेवतात, तिचे दोन तुकडे झाले. भिंग जवळ नेताना बाजूनं बघायचं आणि डोळा लावून फक्त लांब न्यायचं, असं पुस्तकात चौकटीत छापलं होतं. चौकटीतला मजकूर मी शाळेतही वाचत नसे. मितेशनं दिलेल्या बारा झाकणकाचांपैकी बुधवारी सात उरल्या. पापुद्रा म्हणून मी सुरीनं कापलेली कांद्याची चकती इतकी जाड होती की तिच्यातून उजेडसुद्धा आला नाही. पापुद्रा काढायचा असतो, कापायचा नसतो, असं विजयमाला दोनदा म्हणाली. पण हा विज्ञानाचा विषय असल्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही.

गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी असते. संघप्रिया शाळेतून परस्पर क्लासला गेली होती. मी एकटाच यंत्राशी बसलो होतो तेवढ्यात आमचे शेजारी आणि सोसायटीचे सेक्रेटरी उदयसिंह निकम आले. ते मूळचे साताऱ्याकडचे, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, आणि कुठल्याही गोष्टीचा ठराव करण्याची त्यांना अतोनात हौस. त्यांनी यंत्राला एक प्रदक्षिणा घातली, आरशात मिशा पाहून घेतल्या आणि सल्ला दिला.

"अंकुशराव, कांदा काय, कांदा भाजीत पण दिसतोय. टाकीचं पाणी बगा की. तीनशे माणूस पितंय ते."

मला ते पटलं. एवढं यंत्र आणि एवढं शिक्षण एका कांद्यावर खर्च करणं मलाही खटकत होतंच. मी स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब काचपट्टीवर घेतला, झाकणकाच वरून पटकन टाकली, आणि या वेळी भिंग बाजूनं बघत नीट जवळ नेलं. डोळा लावला आणि माझ्या अंगावर काटा आला.

मधोमध एक गोल होता. कंपासनं काढावा तसा पूर्ण गोल. कडेला जाड काळं कातडं आणि पोटात लख्ख उजेड. मी काचपट्टी जरा डावीकडे सरकवली, तर तो उजवीकडे पळाला. उजवीकडे सरकवली तर डावीकडे. वर ढकलली की खाली जायचा. माझ्या प्रत्येक हालचालीच्या बरोबर उलट दिशेनं तो निसटत होता, म्हणजे त्याला मी कळत होतो. श्वास रोखून मी मोठं भिंग फिरवून लावलं, तर तेवढ्या वेळात तो चौपट वाढला होता. मी मागे सरकलो आणि उदयसिंहांना बसायला खुर्ची दिली. त्यांनीही तो सरकवून पाहिला, त्यांच्याही विरुद्ध पळाला. सेक्रेटरीलाही तो जुमानत नाही म्हटल्यावर शंकेला जागा उरली नाही.

पाच मिनिटांत 'जलतरंग परिवार' या सोसायटीच्या ग्रुपवर उदयसिंहांचा संदेश झळकला: 'टाकीच्या पाण्यात जिवंत गोल प्राणी. आपल्या सोसायटीतील बी.एस्सी. श्री. अंकुश यांनी शोधला. सर्वांनी पाणी उकळून प्यावे. शुभ दुपार.' खाली सव्वीस जणांनी हात जोडले, आणि चौघांनी चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

मग आमच्या दारासमोर चपलांचा ढीग लागला. मी प्रत्येकासाठी नवा थेंब घ्यायचो, झाकणकाच टाकायचो, आणि प्रत्येक थेंबात तो निघायचा. कधी एक, कधी सहकुटुंब. तिसऱ्या मजल्यावरच्या गीतांजली वहिनींनी टाकीत तुरटी फिरवायला सांगितली. कुणी तांब्याचा हंडा सुचवला, कुणी म्हणालं एअरपोर्ट सुरू झाल्यापासून हे सगळं वाढलंय. पाचव्या मजल्यावरच्या यशराजनं भिंगाला मोबाइल टेकवून फोटो काढला आणि मोबाइललाच विचारलं. मोबाइलनं सांगितलं, सूर्यग्रहण. त्यावर उदयसिंह म्हणाले की यंत्रालासुद्धा ओळखता येईना, म्हणजे जात नवीन आहे. मी विनयानं खाली पाहिलं. खरं सांगतो, गेल्या एकोणीस वर्षांत मला कुणी असं ऐकून घेतलं नव्हतं.

पाण्याचं काम बघणाऱ्या हिराजी घरतला खाली बोलावून विचारणा झाली. हिराजी उलवे गावातला, इथं इमारती नव्हत्या तेव्हापासूनचा. गेली नऊ वर्षं तोच पहाटे पंप लावतो आणि टाक्या धुतो. तो म्हणाला, "पंधरा दिवसांनी टाकी घासतंय मी, साहेब. पानी चांगला हाय." पण त्यानं सूक्ष्मदर्शकातून पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या म्हणण्याला शास्त्रीय आधार नव्हता. त्याला वर येऊन बघ असं कुणी म्हटलं नाही, मीही नाही.

संघप्रिया क्लासहून आली तेव्हा रांगेत नऊ माणसं होती. ती त्यांच्या खालून घुसली आणि डोळा लावला. बराच वेळ काढला नाही.

"बाबा, हे माझे गोल आहेत."

मी तिला समजावलं की तिचे गोल शाळेच्या कांद्यात होते आणि हा टाकीच्या पाण्यातला जीव आहे. ती म्हणाली, म्हणजे दोन्हीकडे आहेत. हे ऐकून मी आणखी हादरलो, कारण याचा अर्थ संसर्ग शाळेपर्यंत पोचला होता. उदयसिंहांनी तो मुद्दाही लिहून घेतला. संघप्रियानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, झाकणकाच कशी ठेवली होती. मी म्हटलं, ठेवतात तशी. ते तिनं वहीत लिहून घेतलं.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी आणि उदयसिंह पाण्याची बाटली घेऊन तक्रार करायला गेलो. कुठलं ऑफिस ते सांगत नाही, कारण पाणी अजून त्यांच्याकडूनच येतं. खिडकीतल्या गृहस्थांनी आमची बाटली स्वीकारली नाही. नमुन्याची बाटली निर्जंतुक लागते, ती प्रयोगशाळेतून मिळते, त्यासाठी सोसायटीचं पत्र लागतं आणि पत्राला ठराव जोडावा लागतो. ठराव या शब्दाबरोबर उदयसिंहांच्या चेहऱ्यावर तेज आलं. तक्रारीच्या फॉर्मवर गढूळ, वास, कमी दाब आणि इतर असे चार पर्याय होते. मी 'इतर' पुढच्या दीड इंचात 'गोल, काळा, पळतो' असं बसवलं. गृहस्थांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं की चावतो का. अजून नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. मग हे तातडीत येत नाही, म्हणाले.

ठरावासाठी रविवारी सकाळी अकराला विशेष सभा लागली, आणि मी त्या दिवसाची रजा टाकली. विषय दोनच होते. पहिला, गोल प्राण्याची माहिती, सादरकर्ते श्री. अंकुश. दुसरा, टाकीची निगा राखण्यात कसूर केल्याबद्दल हिराजी घरत यांना कामावरून कमी करणे. दुसरा विषय मला जरा खटकला. पण विज्ञानात भावनेला जागा नसते, अशी मी समजूत काढली आणि सभेत दाखवायला गोल प्राण्याचं मोठं चित्र काढायला बसलो. चित्र झकास साधलं. टोकदार पेन्सिल, ठिपक्या ठिपक्यांची छटा, सुबक नावं. या कामात मी कॉलेजपासून तरबेज आहे.

शनिवारी दुपारी कामावरून आलो तेव्हा संघप्रिया हॉलच्या फरशीवर वाट्या मांडून बसली होती. सात वाट्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी. नळाचं पाणी, फिल्टरचं, उकळलेलं, विकतच्या बाटलीतलं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते, नारळाचं, आणि सातव्या वाटीत चक्क खोबरेल तेल. शेजारी वही, वहीत रकाने.

"सगळ्यांत आहेत," ती म्हणाली. "तेलातपण. मग मला वाटलं, पाण्यात नाहीच आहे काही. आपण काहीतरी करतोय. बघा आता."

तिनं नळाच्या पाण्याचा थेंब घेतला आणि माझ्यासारखी झाकणकाच वरून सपाट टाकली. मी डोळा लावला. गोल प्राणी हजर होता. मग तिनं दुसरी काचपट्टी घेतली, तोच थेंब, आणि झाकणकाचेची एक कड थेंबाला टेकवून ती तिरकी धरली. टाचणीच्या आधारानं ती इतकी सावकाश खाली सोडली की मला श्वास सोडायचंही भान राहिलं नाही. मी डोळा लावला. प्राणी नव्हता. तिनं पुन्हा सपाट टाकली, आला. पुन्हा तिरकी सोडली, गेला.

"हवा अडकते, बाबा. बुडबुडा आहे तो. शाळेत पण प्रयोगशाळेतल्या मावशी घाईघाईत काच टाकत होत्या."

मी म्हटलं, पण तो पळतो. तिनं एका कागदाच्या कपट्यावर बारीक अक्षरात 'बाबा' लिहून तो मंचावर ठेवला. भिंगातून ते उलटं दिसलं, डोकं खाली आणि डावं-उजवं फिरलेलं. कपटा डावीकडे सरकवला की 'बाबा' उजवीकडे जायचे. मग तो वाढला कसा, हे मी विचारलं नाही, कारण विचारता विचारताच मला आठवलं की मोठं भिंग मीच लावलं होतं.

मी फरशीवर तिच्याशेजारी बसलो. माझं सुबक चित्र सोफ्यावर होतं. तिनं प्रयोगवही उघडून त्याच्या बाजूला ठेवली. लाल फुलीखालचे तिचे दोन गोल आणि माझा एक, जाड कड, लख्ख पोट, तंतोतंत तेच. फरक एवढाच, की तिनं काय आहे ते माहीत नाही म्हणून नाव लिहिलं नव्हतं आणि मी चार नावं लिहिली होती. त्यात 'कातडे' होतं आणि 'उदर' पण होतं.

आता त्या तीन वर्षांविषयी. आमच्या परभणीकडच्या कॉलेजात चार सूक्ष्मदर्शक होते, त्यांतले तीन बिघडलेले. चौथ्यावर प्रयोगशाळेतले मामा स्वतः स्लाइड लावून द्यायचे आणि म्हणायचे, दिसलं ना, चला पुढे. मला कधीच काही दिसलं नाही. नुसता उजेड दिसायचा, आणि मागे रांग असायची. मी 'दिसलं' म्हणायचो. आकृत्या मी वरच्या वर्गातल्या मुलाच्या जर्नलवरून काढल्या, त्यानं त्याच्या वरच्याच्या. आमच्या कॉलेजातली कांद्याची पेशी अशी पिढ्यान् पिढ्या वहीतून वहीत उतरत आली होती. कधीतरी पहिल्यांदा कुणीतरी ती खरी पाहिली असेल. माझ्या जर्नलला दहापैकी नऊ होते.

हे मी संघप्रियाला सांगितलं. सांगताना बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे हे मला उशिरा कळलं. ती आत जाऊन कांद्याची एक पाकळी घेऊन आली, ती मधून मोडली आणि आतल्या बाजूचा पापुद्रा नखानं अलगद ओढून काढला. पातळ, ओला, जवळजवळ नसल्यासारखा. वीस वर्षं ती रोज हे करत होती. संघप्रियानं तो थेंबात पसरला, आयोडीन टाकलं, काच तिरकी धरून सावकाश सोडली.

मी डोळा लावला. आधी धूसर पिवळं. मग चाक केसभर फिरवलं, आणि एकदम सगळं जागेवर आलं. पेशी. ओळीनं लागलेल्या, लांबट, कुणाची कड वाकडी, कुणी अर्धी, आणि प्रत्येकीत एक छोटा गडद ठिपका. वहीतल्यासारख्या मुळीच नव्हत्या, आणि तरी त्याच होत्या. माझं वय सत्तेचाळीस आहे. मला फार आनंद झाला आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि सूक्ष्मदर्शकात रडलं की काही दिसत नाही हा शोध मी स्वतः लावला.

"उद्या मी सांगू का सभेत?" संघप्रियानं विचारलं.

मी नको म्हणालो. मी बघतो, म्हणालो. खरं तर रात्रीपर्यंत माझं ठरलं होतं की 'अधिक संशोधन आवश्यक आहे' एवढंच म्हणायचं. म्हणजे प्राणीही जाईल आणि पाटीवरचं बी.एस्सी. पण राहील.

रविवारी क्लबहाउसमध्ये कधी नव्हे ती गर्दी होती. उदयसिंहांनी दोन्ही ठराव आधीच लिहून आणले होते. मी उठून 'अधिक संशोधन' इथपर्यंत आलो, तेवढ्यात दाराशी उभा असलेला हिराजी पुढे आला. पंपाच्या खोलीच्या किल्ल्या त्यानं टेबलावर ठेवल्या. जिवंत प्राणी असला तर त्यानं ठेवायलाच हव्या होत्या, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. नऊ वर्षं पाणी चांगलं आहे हे माहीत असलेला माणूस माझ्या चित्राकडे बघून स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत होता. संघप्रिया दुसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या मांडीवर प्रयोगवही होती.

"प्राणी नाही," मी म्हणालो. "बुडबुडा आहे. माझ्या हातानं झालेला. मी कॉलेजात कधी काही पाहिलेलं नाही, नुसतं काढलंय. हे माझ्या मुलीनं शोधलं."

गीतांजली वहिनींनी विचारलं की तुरटी फिरवायची की नाही. मी आणलेला सूक्ष्मदर्शक टेबलावर ठेवला, संघप्रियानं काच एकदा सपाट टाकून आणि एकदा तिरकी सोडून दाखवली, आणि पहिल्यांदा बघायला मी हिराजीला बोलावलं. तो वाकला. गुडघ्यांवर हात टेकून कितीतरी वेळ बघत राहिला.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"काय नाय. पानी हाय," तो म्हणाला, आणि सरळ होऊन त्यानं आधी स्वतःच्या किल्ल्या उचलल्या.

अडचण उदयसिंहांची झाली. लिहिलेला ठराव वाया कसा घालवायचा? तास-दीड तासाच्या चर्चेनंतर इतिवृत्तात असं नोंदलं गेलं: 'सभेने बुडबुड्याची नोंद घेतली. हिराजी घरत यांचे काम समाधानकारक असल्याचे ठरले. नमुना रीतसर बाटलीतून तपासणीस पाठवावा, कारण पत्र तयार आहे.' हे बरोबरच होतं. असल्या यंत्रातून पाणी पिण्याजोगं आहे की नाही ते ठरत नाही, असं संघप्रियानं आवर्जून सांगितलं. दारावरची पाटी मी उतरवणार होतो, पण बायको म्हणाली राहू द्या, आता कुठे तुम्ही ते झालाय.

त्या संध्याकाळी सहीसाठी वही माझ्यापुढे आली. आकृती तीच होती, खोडलेलं काही नव्हतं. फक्त दोन गोलांना बाण काढून तिनं लिहिलं होतं, 'हवेचा बुडबुडा.' लाल शेऱ्याखाली मी सही केली. सहीशेजारी जागा होती. तिथं मी लिहिलं, 'ही आकृती पुस्तकाप्रमाणे नाही. असेच दिसते. मी स्वतः पाहिले.'

सोमवारी मॅडमनी ते वाचलं, तिला थांबवून घेतलं आणि मधल्या सुट्टीत यंत्र उघडून तिच्याकडून काच सोडायची रीत करून घेतली. मग फुलीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'आकृती बरोबर. बुडबुडा टाळावा.' आणि दहापैकी आठ दिले.

संघप्रिया जरा हिरमुसली होती, दोन गेले म्हणून. मी तिला सांगितलं की न बघता नऊ मिळवलेला माणूस तुझ्यासमोर बसलाय, त्याला विचार आठाची किंमत. मंगळवारी सूक्ष्मदर्शक परत नेला. गेटवरच्या माणसानं पास उलटून पाहिला आणि 'वस्तू नेण्याचे कारण: पाहणे' यापुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं काम पूर्ण झालं की नाही ते लिहायचं असतं. एकोणीस वर्षांत तो रकाना मी कधी कुणाला भरायला लावला नव्हता. मी पेन घेतलं आणि लिहिलं, 'सुरू झाले.'